घोरणारा बैल

बेंदराच्या दिवशी बैलाला तळ्यावर नेऊन न्हाऊ घालण्याची बेळगाव-निपाणी भागातील रीत जुनी आहे. देवळात नंदीला हात जोडणारे आम्ही, गोठ्यातला नंदी घोरू लागला की मात्र पडसे समजून स्वस्थ बसतो. या घोरण्यामागे कित्येकदा नाकाच्या शिरांत राहणारा रक्तजंत असतो. मद्रास इलाख्यातील एम. अनंत नारायण राव यांनी १९३३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची परीक्षा शेणावरून होत नाही. नाकाचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, तेव्हा विळ्यासारखी वाकलेली अंडी दिसतात. याच कुळातील दुसऱ्या एका जंताची अंडी मात्र डुकराच्या व कुत्र्याच्या विष्ठेत सापडतात. म्हणजे कोठे शोधावे, हे कळणे हेच अर्धे निदान होय.

स्रावाबरोबर अंडी तळ्यात पडतात, त्यांतील अळी गोगलगाईत वाढते आणि पुन्हा पाण्यात येऊन जनावराच्या कातडीतून आत शिरते. ज्या पाण्यात आम्ही प्रेमाने बैल उतरवतो, तेच पाणी त्याला रोग देते. तेव्हा यंदा विहिरीचे पाणी शेंदून त्याला गोठ्यापाशीच न्हाऊ घालावे. पूजेत काही उणे पडणार नाही.