डिस्कोची कॅसेट आणि हरवलेली नावं

लखनौच्या गोमती नगरातून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. आपण इथे बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो; आज नाचाच्या गाण्यांबद्दल बोलू. हसू नका, हाही इतिहासच आहे.

मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक कॅसेट सापडली. 1983 साली माझ्या एका कोर्समेटने पुण्यातल्या दुकानातून ती भरून आणली होती. तेव्हा दुकानदाराला गाण्यांची यादी द्यायची आणि तो साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायचा. मेसमध्ये पार्टी असली की हीच कॅसेट लागायची. वर मित्राच्या अक्षरात एवढंच लिहिलंय : 'डिस्को – 2'. गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचंही नाही.

यात कोणती गाणी असतील? सोल, फंक आणि डिस्को. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली गायकी बाहेरच्या जगात आली, प्रेमाची आणि दुःखाची गाणी गाऊ लागली, ते सोल. जेम्स ब्राऊनने मात्रांच्या पहिल्या ठोक्यावर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर, सगळा जोर टाकला, ते फंक. आणि डिस्को म्हणजे मिनिटाला साधारण 120 ठोके, सगळे सारख्या वजनाचे. आमची 'तेज चल' साधारण याच गतीची. परेड मैदानावर घासलेले आम्ही लोक डिस्कोवर लगेच का नाचू लागलो, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं!

ही गाणी मुळात छोट्या तबकड्यांवर निघायची, एका बाजूला एकच गाणं. प्रत्येक गाण्याची तबकडी घेणं सामान्य माणसाला परवडणारं नव्हतं. त्यातून निवडक गाण्यांच्या संकलनांचा धंदा वाढला. कॅनडातल्या विनिपेगच्या फिलिप काइव्ह्ज यांच्या के-टेल कंपनीने 1966 मध्ये पहिलं संकलन काढलं आणि पुढे टीव्हीवर जाहिराती करून असे संग्रह विकले. 1977 चा 'सॅटर्डे नाइट फीव्हर' हा गाजलेला जोडसंचही एका अर्थाने संकलनच. त्यात बी जीज होते, तसेच ट्रॅम्प्स आणि कूल अँड द गँगही होते.

मग 12 जुलै 1979 उजाडला. शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. अमेरिकेत डिस्कोला ओहोटी लागली आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे भरती आली. 1980 मध्ये 'कुर्बानी', 1981 मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने', 1982 मध्ये 'डिस्को डान्सर'. यातल्या पहिल्या दोन्हींमागे बिद्दू होते. मूळचे बंगळूरचे बिद्दू लंडनला गेले, आणि 1974 चं 'कुंग फू फायटिंग' हे जगभर वाजलेलं गाणं त्यांनीच निर्माण केलं. गायक होता जमैकात जन्मलेला कार्ल डग्लस.

पण आज मला सांगायचंय ते आशा पुथलींबद्दल. जन्म मुंबईचा, 1945 चा. हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेली ही मुलगी न्यूयॉर्कला गेली आणि ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझच्या दिग्गजाच्या 'सायन्स फिक्शन' या तबकडीवर गायली. 1976 मध्ये तिची 'द डेव्हिल इज लूज' ही तबकडी आली. तिच्यातलं 'स्पेस टॉक' हे गाणं न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसोच्या 'लॉफ्ट'मध्ये फार लोकप्रिय झालं. लॉफ्ट म्हणजे त्याचं राहतं घर. तिथे दारूची विक्री नव्हती, फक्त आमंत्रितांचा नाच. मुंबईच्या मुलीच्या आवाजावर न्यूयॉर्क नाचत होतं, आणि इथे मेसमध्ये नाचणाऱ्या आम्हा मराठी पोरांना तिचं नावही माहीत नव्हतं. पुढे रॅप गायकांनी तिच्या गाण्यांचे तुकडे वापरले, जुन्या तबकड्या शोधणाऱ्यांनी तिला पुन्हा शोधलं, आणि 2022 मध्ये 'मिस्टर बाँगो' या इंग्लंडमधल्या कंपनीने तिच्या निवडक गाण्यांचं संकलन काढलं. त्यावर तिचं नाव ठळक आहे.

इथे मला आमच्याच शहराची आठवण होते. 1926 मध्ये विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्या वकिलाने लखनौत संगीताचं कॉलेज उभं करण्यात पुढाकार घेतला. आज ते भातखंडे यांच्याच नावाने ओळखलं जातं. घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवून त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'त स्वरलिपीसह छापल्या. तेही संकलनच! फरक एवढाच की सदारंगासारखे जुने रचनाकार आपलं नाव बंदिशीच्या शब्दांतच गुंफून ठेवत. पुस्तक फाटलं तरी नाव गाण्याबरोबर चालत राहायचं. डिस्कोच्या गायकाचं नाव मात्र वेष्टनावर. वेष्टन गेलं की नाव गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं : संकलन गाणं वाचवतं, पण माणूस वाचतो तो नाव लिहिल्याने. फौजेत नाव आणि नंबर नसलेली यादी कोणी स्वीकारत नाही. गाण्यांच्या बाबतीत आपण सगळ्यांनीच ती ढिलाई केली.

त्या कॅसेटमध्ये चौदा गाणी निघाली. माझ्या नातीने फोनवर ऐकवून तेरांची नावं शोधून दिली. बी बाजूचं शेवटचं गाणं काही सापडेना. एका बाईचा आवाज आहे, मागे ढोलकीसारखं काहीतरी वाजतंय, आणि ऐन रंगात आलं असताना टेप संपते. ज्याने यादी केली त्याला विचारलं असतं, तर त्याने एका सेकंदात सांगितलं असतं. तो चार वर्षांपूर्वी गेला. इतक्या वर्षांत मी त्याला शेकडो फोन केले, पण हे एक विचारायचं राहिलं.

तुमच्या घरी अशी कॅसेट असेल आणि ती भरणारा माणूस हयात असेल, तर आजच त्याला फोन लावा. वही-पेन घेऊन बसा. गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि खाली त्याचंही नाव लिहा.

मी 'डिस्को – 2' च्या खाली तेरा नावं लिहिली आहेत. चौदावी ओळ कोरी ठेवली आहे. आणि सगळ्यात वर, यादी करणाऱ्याचं नाव.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.