तारापूरचा हल्ला व चिमाजी आप्पांचे सेनापतित्व

चिमाजी आप्पांचे नाव निघाले की वसई आठवते, आणि तारापूर म्हटले की अलीकडे अणुवीजकेंद्रच डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे तारापूरच्या कोटाचे युद्ध विस्मृतप्राय झाले आहे. आमच्या मते आप्पांच्या सेनापतित्वाची पारख वसईइतकीच तारापुरासही होते.

आप्पांची प्रकृति मूळचीच नाजूक. तथापि 1728 त माळव्यात अमझेऱ्यास गिरिधर बहादुर व 1736 त कोकणात सिद्दी सात हे त्यांच्याशी लढताना पडले. 1737 त ठाणे व साष्टी हस्तगत झाली. वसई मात्र राहिली. तिच्या उत्तरेस माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू ही ठाणी फिरंग्यांकडे असेतोपर्यंत वेढा घालणाराची पाठ उघडीच राहणार, हे उघड होते. म्हणून शके 1660, कालयुक्तनाम संवत्सरी, म्हणजे जानेवारी 1739 त, आप्पांनी आधी हीच ठाणी घेतली. आज ती सर्व 2014 साली झालेल्या पालघर जिल्ह्यात मोडतात.

पैकी तारापूर सर्वांत कठीण गेले. मराठे तटावर चढून आत शिरले. आतील शिबंदीनेही हातघाईची शर्थ केली. शत्रूच्या या शौर्याची प्रशंसा खुद्द आप्पांनीच केली आहे, ही गोष्ट त्यांच्या थोरवीस साजेशीच होय. या युद्धात बाजी भिवराव रेठरेकर तोंडात गोळी लागून पडले. हे बाजीराव पेशव्यांचे जिवलग. त्यांची माता वेणूबाई हिच्या सांत्वनार्थ बाजीरावांनी लिहिलेले पत्र सुदैवाने उपलब्ध आहे. आपल्या पुत्राच्या जागी आता आम्हांस समजावे, असा त्याचा आशय. मोहिमेचे मोल या एका कागदावरून जितके कळते, तितके विजयवर्णनाच्या दहा बखरींवरून कळत नाही.

वसई हटेना तेव्हा आप्पांनी ‘माझे मस्तक तरी तोफेने किल्ल्यात उडवा’ असे म्हटल्याची आख्यायिका सर्वतोमुखी आहे. ती वीररसास पोषक खरी. पण समकालीन पत्राचे वजन तिला देता येत नाही. तिच्यावाचूनही आप्पांचे धाडस सिद्ध आहे. पिछाडी मोकळी करून फेब्रुवारीत त्यांनी वसईचा वेढा आवळला, सुरुंगांनी बुरूज फोडले, आणि मे 1739 त किल्ला घेतला. सिल्व्हेरा आधीच पडला होता. तहावर सही कायतान द सोझा परेराने केली, आणि फिरंग्यांस बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिले. ग्रँट डफच्या मते मराठ्यांकडील ठार व जखमी 5,000 वर गेले. आप्पा स्वतः डिसेंबर 1740 त पुण्यास वारले.