‘इन्क्रेडिबल इंडिया’ पोर्टल काय आहे? आणि त्यात नगर जिल्ह्याचं नाव बरोबर असणं का महत्त्वाचं?

परदेशात भारताच्या पर्यटनाचा प्रचार करण्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2002 मध्ये ‘इन्क्रेडिबल इंडिया’ म्हणजेच ‘अतुल्य भारत’ ही मोहीम सुरू केली. याच नावाचं सरकारी पोर्टल आज देशाची पर्यटन माहिती जगापुढे ठेवतं.

कोणत्या भाषांत?

इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला 2020 मध्ये अरबी, चिनी आणि स्पॅनिश भाषा आल्या. पर्यटक कोणत्या देशांतून येऊ शकतात, हे पाहून अशा भाषा निवडल्या जातात. मंत्रालयाची 1363 ही पर्यटक हेल्पलाइनही हिंदी-इंग्रजीसह 12 भाषांत चालते. त्यात जपानी, कोरियन, रशियन आहेत; मराठी नाही.

2024 मध्ये काय बदललं?

27 सप्टेंबर 2024 रोजी, जागतिक पर्यटन दिनी, नव्या रूपातल्या पोर्टलवर ‘कंटेंट हब’ सुरू झालं. टूर कंपन्या, पत्रकार आणि इन्फ्लुएन्सर यांना इथून फोटो, व्हिडिओ, ब्रोशर मिळतात. म्हणजे इथली माहिती पुढे अनेक ठिकाणी वापरली जाते.

मग नगरचा संबंध काय?

त्यानंतर दोनच आठवड्यांत, ऑक्टोबर 2024 मध्ये, अहमदनगरचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जुनी पुस्तकं आणि प्रवासवर्णनं मात्र ‘अहमदनगर’च म्हणतात. पंडित नेहरूंनी 1944 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं ते इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना. ते वाचून किल्ला शोधणारा परदेशी वाचक जुनंच नाव टाइप करणार. त्यामुळे नव्या नावासोबत जुन्या नावाचा उल्लेखही प्रत्येक भाषेत हवा.

दुसरं उदाहरण शहराजवळच्या डोंगरावरच्या ‘चांदबिबी महाला’चं. नाव महालाचं असलं तरी ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. मूळ मजकुरात ‘राणीचा महाल’ असं लिहिलं गेलं, तर भाषांतर होत होत तीच चूक पाच भाषांत जाते.

स्थानिकांना काय फरक पडतो?

शिर्डीला 2017 पासून विमानतळ आहे. पण तिथे उतरलेला पर्यटक दर्शन घेऊन परत जातो की भुईकोट किल्ला, भंडारदरा आणि 1,646 मीटर उंचीचं कळसूबाई पाहायला थांबतो, हे बऱ्याच अंशी त्याला आधी मिळालेल्या माहितीवर ठरतं. अकोल्यातला होमस्टे, नगरमधला रिक्षावाला आणि गाइड यांचा धंदा त्या मुक्कामावरच चालतो.

हॉटेल किंवा होमस्टे चालवणाऱ्यांना मंत्रालयाच्या ‘निधी प्लस’ पोर्टलवर नोंदणी करता येते. सरकारी यादीत आपलं नाव यावं, यासाठीची ही पहिली पायरी. नोंदणी करताना जिल्ह्याचं आणि गावाचं नाव मात्र नीट तपासून घ्या.