जुन्या मोटारसायकलच्या सायलेन्सरचे नट वारंवार सैल का होतात?

बहुतेक जुन्या मोटारसायकलींत सायलेन्सरचा पाइप पुढे इंजिनाच्या हेडला दोन स्टड आणि नटांनी, तर मागे चॅसीला बोल्टने धरलेला असतो. इंजिन तापले की हे भाग प्रसरण पावतात, थंड झाले की आकुंचन पावतात. त्यात सततची थरथर आणि दबत जाणारे गॅस्केट यांमुळे नटांची पकड सुटते.

कसे ओळखाल?
पुढच्या जोडातून ‘फट्‌फट्‌’ आवाज येतो आणि भोवती काजळी दिसते. दुर्लक्ष केल्यास हलणाऱ्या पाइपमुळे स्टड तुटू शकतो किंवा हेडमधले आटे जाऊ शकतात. मग पाच मिनिटांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते.

काय करावे?
- काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा.
- आधी मागचा बोल्ट ढिला करा. पुढचे दोन्ही नट आलटूनपालटून थोडेथोडे आवळा आणि मागचा बोल्ट शेवटी. उलट क्रमाने आवळल्यास पाइप ताणात राहतो आणि नट पुन्हा सुटतात.
- पाइप काढलाच तर गॅस्केट नवे टाका.
- नायलॉनचे लॉकनट इथे चालत नाहीत, कारण उष्णतेने नायलॉन वितळते. पूर्ण धातूचे लॉकनट घ्या.
- लांब पान्याने जोर लावू नका. किती आवळायचे, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर, गाडी थंड झाल्यावर, नट पुन्हा तपासा. गॅस्केट बसल्यावर ते थोडे सैल होतातच.