यांत्रिक दूरचित्रवाणी

यांत्रिक दूरचित्रवाणी ही छिद्रे असलेल्या फिरत्या तबकडीच्या साहाय्याने हलती चित्रे दूर अंतरावर पाठविण्याची आरंभीची पद्धत होय. १९२० च्या दशकात ती प्रत्यक्षात आली व १९३० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तिची जागा घेतली.

कार्यपद्धती

संपूर्ण चित्र एकाच वेळी एका तारेतून पाठविता येत नाही; त्याचे बिंदू पाडून ते एकामागून एक पाठवावे लागतात. पाउल निपको या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्ये यासाठी एका तबकडीच्या एकस्वासाठी अर्ज केला. तबकडीवरील छिद्रे सर्पिलाकार मांडलेली असत. ती फिरू लागली की प्रत्येक छिद्र चित्राच्या एका रेषेवरून सरकत जाई व एका फेऱ्यात सर्व चित्र पूर्ण होई. छिद्रातून येणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडून विद्युत संकेत निर्माण होत असे. ग्राहक संचात तितक्याच वेगाने फिरणाऱ्या तबकडीमागील निऑन दिवा त्या संकेतानुसार कमीअधिक प्रकाशे. निपको यांच्या काळी क्षीण संकेत वाढविणारे साधन नसल्याने ही कल्पना कागदावरच राहिली.

बेअर्ड यांचे प्रयोग

स्कॉटिश संशोधक जॉन लॉगी बेअर्ड यांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमधील सोहो भागात रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांसमोर हलत्या चेहऱ्यांचे प्रक्षेपण करून दाखविले. दिव्यांचा प्रकाश असह्य असल्यामुळे आधीच्या चाचण्यांत त्यांनी बोलक्या बाहुल्याचे डोके वापरले होते. १९२९ मध्ये बीबीसीच्या प्रक्षेपकावरून त्यांच्या पद्धतीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. चित्रात ३० रेषा असत व सेकंदाला साडेबारा चित्रे पाठविली जात.

मर्यादा

या पद्धतीची खरी अडचण प्रकाशाची होती. चित्र स्पष्ट करण्यासाठी रेषा वाढवाव्यात, तर छिद्रे वाढतात व लहानही होतात. ३० रेषांच्या चित्रात सुमारे २,१०० बिंदू असत. म्हणजे प्रत्येक बिंदूचा प्रकाश चित्राच्या एकूण वेळेपैकी सुमारे २,१०० व्या भागापुरताच उपयोगी पडे, उरलेला वाया जाई.

केवळ फिरते भाग काढून टाकल्याने हा दोष नाहीसा झाला नाही. फायलो फार्न्सवर्थ यांनी १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे दाखविलेल्या इलेक्ट्रॉनिक कॅमेरा नलिकेलाही अतिशय प्रखर प्रकाश लागे. व्लादिमीर झ्वोरिकिन यांच्या आयकोनोस्कोप नलिकेत मात्र प्रत्येक बिंदू आपली पाळी येईपर्यंत विद्युत भार साठवीत राही. या साठवणुकीमुळे साध्या प्रकाशातही चित्रण शक्य झाले.

अस्त

बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित सेवा सुरू केली. बेअर्ड यांची २४० रेषांची व मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची पद्धत आळीपाळीने वापरण्यात आली. बेअर्ड यांच्या एका व्यवस्थेत दृश्य आधी फिल्मवर घेऊन, ती सुमारे मिनिटभरात धुऊन मग प्रक्षेपित करावे लागे. त्यामुळे कॅमेरा जागचा हलविता येत नसे. ईएमआयचा कॅमेरा भार साठविणाऱ्या नलिकेवर आधारलेला व हलविण्याजोगा होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड पद्धत बंद करण्यात आली.

वारसा

भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत व २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली, ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच. तबकडी मागे पडली, तरी चित्र रेषारेषांनी पाठविण्याचे निपको यांचे तत्त्व या प्रक्षेपणातही कायम होते.