मुंबईतील १८३२ चा श्वान-दंगा आणि धन्याच्या जबाबदारीचा प्रश्न

रस्त्यावर फिरणाऱ्या जनावरास मराठीत दोन शब्द आहेत : 'बेवारशी' आणि 'मोकाट'. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने योजतो. परंतु त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. 'बेवारशी' या शब्दात कोणीच नसल्याचे सूचन आहे, तर 'मोकाट' या शब्दामागे मोकाट सोडणारा कोणीतरी उभा असतो. नगरातील जनावरांविषयी मुंबईत गेल्या दोन शतकांत जे वाद झाले, त्यांत या दुसऱ्या माणसाचा शोध फारसा घेतला गेला नाही. दयाळूपणा आणि क्रूरता या दोन पक्षांत वादाची विभागणी झाली आणि जबाबदारीचा प्रश्न मागे राहिला. १८३२ सालच्या दंग्याच्या आधारे हा मुद्दा मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम घटनांचा थोडक्यात आढावा घेऊ. मुंबई बेटावर मोकाट कुत्री ठार करण्यास अनुमती देणारा नियम १८१३ पासून अमलात होता. हे काम वर्षाच्या ठराविक काळापुरते चाले : १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. १८३२ साली पहिली मुदत १५ जूनपर्यंत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायास आठ आणे बक्षीस मिळत असे. बक्षिसाची ही पद्धत अनर्थास कारणीभूत झाली. गल्लीत फिरणाऱ्या कुत्र्यापेक्षा घराच्या ओट्यावर झोपलेले कुत्रे हाती लागणे सोपे असते. तेव्हा शिपायांनी अंगणांतील आणि घरांतील कुत्र्यांवरही हात टाकण्यास आरंभ केला. ६ जून १८३२ रोजी, पारशी समाजाच्या एका पवित्र दिवशी, कोट विभागात जमलेल्या पारशी जमावाने अशा कामगिरीवरील शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू व्यापारीही या बंदात सामील झाले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. अखेर सैन्य बोलावून जमाव पांगविण्यात आला आणि धरपकड झाली.

या दंग्याचे मूळ केवळ श्वानप्रेमात शोधणे अपुरे ठरेल. पारशी समाजाचा इंग्रज सत्तेशी असलेला निकटचा संबंध, त्या समाजातील शेटियांचे नेतृत्व आणि सामान्य जनांची अस्वस्थता या गोष्टींचा विचार अभ्यासकांनी केला आहे, आणि तो योग्यच आहे. तसेच सरकारची भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी उपाय नव्हता. पाश्चरची लस १८८५ साली आली. ज्या वस्तीत असा एक मृत्यू लोकांनी डोळ्यांनी पाहिला असेल, तेथे कुत्र्यांविषयी भय वाटणे स्वाभाविक होते. म्हणून सरकारने काही केले हा आक्षेपाचा विषय नसून, जे केले त्यामागील गृहीत काय होते हा आहे.

ते गृहीत असे : कुत्रे एकतर कोणाच्या तरी मालकीचे असते, नाहीतर कोणाचेच नसते. मालकीचे असेल तर ती मालमत्ता; कोणाचेच नसेल तर तो उपद्रव. मुंबईच्या आळ्यांतील आणि वाड्यांतील वस्तुस्थिती मात्र या दोहोंत बसणारी नव्हती. एका घरी सकाळची भाकरी, दुसऱ्या घरी रात्रीचे उरलेसुरले, तिसऱ्याच्या ओट्याखाली पावसाळ्यातला आसरा, अशा रीतीने जगणारे कुत्रे साऱ्या आळीचे असते. त्याच्या भुंकण्याचा लाभ सर्वांना होतो. परंतु त्याला खरूज झाली, त्याची पिले गटाराशी मरू लागली किंवा ते कोणास चावले, की ते कोणाचेच नसते. शिपायाला धनी दिसला नाही याचे एक कारण त्याचा आठ आण्यांचा लोभ होते. पण शांततेच्या काळात धनी म्हणून पुढे येणाराही कोणी नव्हता, हे दुसरे कारण नजरेआड करून चालणार नाही.

ज्या समाजांनी १८३२ साली प्रतिकार केला, त्यांच्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला होता, ही गोष्ट या संदर्भात विशेष मननीय आहे. पारशांच्या 'वंदिदाद' या ग्रंथात कुत्र्यास मोठे स्थान आहे. प्रेताला कुत्र्याची दृष्टी घडविण्याचा 'सगदीद' हा विधी सर्वश्रुत आहे. परंतु या ग्रंथातील विधिनिषेध पूज्यभावापुरते थांबत नाहीत. त्याच्या १३ व्या प्रकरणात मेंढरांचे कुत्रे, घरराखे कुत्रे आणि भटके कुत्रे असा भेद करून, त्यांना वाईट अन्न देणाऱ्याचा अपराध ठरविला आहे. वेडसर झालेल्या कुत्र्यावर माणसाप्रमाणे उपचार करावेत, आणि न भुंकता चावणाऱ्यास गळ्यात लाकडी लोढणे घालून बांधावे, असेही तेथे सांगितले आहे. १५ व्या प्रकरणात तर गाभण कुत्रीचा सांभाळ कोणी करावा या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे : जिचे घर सर्वांत जवळ, त्या घराच्या धन्याने. पोषणाअभावी पिलांना अपाय झाला, तर त्या धन्यास बुद्धिपुरस्सर केलेल्या हत्येचा दंड सांगितला आहे. येथे मालकी विचारलेली नाही; सान्निध्य विचारले आहे. शेजार हाच जबाबदारीचा आधार मानला आहे.

हिंदू धर्मशास्त्राचा मार्ग निराळा आहे. मनुस्मृतीत वैश्वदेवाच्या प्रसंगी कुत्र्यांसाठी भूमीवर अन्न ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे अन्नदानास पुण्याचे स्थान दिले आहे. त्याच स्मृतीच्या आठव्या अध्यायात स्वामी आणि गुराखी यांच्यातील विवादाचे प्रकरण असून, दिवसा जनावराची जबाबदारी गुराख्यावर व रात्री, ते घरी परतल्यावर, स्वामीवर टाकलेली आहे. याज्ञवल्क्य स्मृती याहून पुढे जाते. दात असलेल्या वा शिंगे असलेल्या जनावराच्या तावडीतून माणसास सोडविण्यास समर्थ असूनही जो स्वामी सोडवीत नाही, त्यास ती दंड सांगते. संकटातील माणसाने हाक मारल्यावरही तो हलला नाही, तर दंड दुप्पट. म्हणजे घास घालणे हे पुण्य आणि आवर घालणे हे कर्तव्य, असे दोन्ही विचार परंपरेत होते. नगरजीवनात मात्र पहिला टिकला आणि दुसरा क्षीण झाला. घास घालणारे हात पुष्कळ राहिले; त्या घासावर वाढलेल्या जनावराचे काय होते, हे पाहणारे थोडे उरले.

दंग्यानंतर जो तोडगा निघाला, त्यातही हीच उणीव दिसते. कुत्री मारू नयेत, ती शहराबाहेर न्यावीत, अशी मागणी झाली. यात जीव वाचला खरा. पण जनावर एका वस्तीच्या दृष्टीआड होऊन दुसरीच्या दारी गेले. १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि त्यांचे सहकारी व्यापारी यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वर भागातील या संस्थेने असंख्य मुक्या जीवांना आश्रय दिला, आणि पारशी, जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी तिच्यासाठी जो पैसा उभा केला, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि पांजरापोळीच्या दाराला दोन बाजू असतात. संकटात सापडलेले जनावर ज्या दाराने आत येते, त्याच दारात आटलेली गाय, लंगडा बैल, म्हातारे कुत्रे सोडून धनी मोकळ्या मनाने परत फिरू शकतो. संस्थेच्या पुण्याईने व्यक्तीची कर्तव्यच्युती झाकली जाते. हा दोष संस्थेचा नव्हे. संस्थेकडे आपले कर्तव्य सोपवून निश्चिंत होणाऱ्या नगरवासीयांचा आहे.

यानंतरचा टप्पा कायद्याचा. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी मंडळी स्थापन झाली. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८९० च्या कायद्याचा रोख मुख्यतः रस्त्यावर किंवा लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागी होणाऱ्या क्रूरतेवर होता : चाबकाचा मार, अतिभार, जखमी बैलास जुंपणे. परंतु उपेक्षा ही चाबकासारखी दिसत नाही. गच्चीवर दिवसभर बांधून ठेवलेले, पाण्यावाचून तळमळणारे कुत्रे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. १९६० च्या केंद्रीय कायद्याने ही त्रुटी बरीच भरून काढली. धन्याने अन्न, पाणी, निवारा न पुरविणे, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे, संसर्गजन्य रोग झालेले जनावर रस्त्यावर सोडणे, हे सर्व त्या कायद्याने अपराध ठरविले. मात्र पहिल्या अपराधास दंड ठेवला तो १० ते ५० रुपये. १८३२ साली कुत्रे मारणाऱ्यास मिळणारे आठ आणे आणि १९६० साली ते उपाशी टाकणाऱ्यास होणारा हा दंड, या दोन्ही रकमा आपापल्या काळाची या जिवाविषयीची किंमत सांगतात.

२००१ च्या श्वान-जनननियंत्रण नियमांनी कुत्र्यांचे पाळीव व रस्त्यावरील असे दोन वर्ग केले. पहिल्यांचे लसीकरण, नियंत्रित प्रजनन व परवाना यांची जबाबदारी धन्यावर टाकली. २०२३ च्या नियमांनी, ज्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही अशा वस्तीत जन्मलेल्या जनावरास 'सामुदायिक' अशी संज्ञा दिली, आणि त्याच्या अन्नाची जागा व वेळ ठरविण्याचे काम रहिवाशांच्या संघांकडे व स्थानिक संस्थांकडे सोपविले. आळीचे कुत्रे हा जो तिसरा वर्ग १८३२ च्या शिपायास दिसला नव्हता, तो कायद्याच्या भाषेत येण्यास अशी जवळजवळ दोन शतके लागली.

परंतु संज्ञा मिळाली म्हणजे धनी मिळाला असे नव्हे. सामुदायिक म्हणून ज्याची नोंद होते, त्यातील कित्येक जीव काल कोणाच्या तरी घरी हौसेने आणलेले असतात; बदली झाली, मूल झाले, कुत्रे आजारी पडले, आणि दार बंद झाले. हे लोक क्रूर नसतात; बहुधा सज्जनच असतात, आणि म्हणूनच क्रूरतेविरुद्धचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. १८३२ साली मुंबईकरांनी कुत्र्यांसाठी बाजार बंद ठेवला, ही अभिमानाची गोष्ट होय. त्या कुत्र्यांपैकी अमुक माझे, त्याचा भार माझा, असे ७ जूनच्या आधी किती जण म्हणत होते, हा प्रश्न मात्र त्या अभिमानाने मिटत नाही. सर्वांत जवळचे घर कोणाचे, हे विचारणारा जुना नियम आजच्या आळीलाही तेवढाच लागू आहे.