मत बदलावे, पण कशामुळे?

संशोधकाने आपल्या मताला चिकटून बसू नये, असे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. परंतु मत कशामुळे बदलावे, हे सांगायचे राहून जाते. सूर्य कशाचा बनला आहे, या प्रश्नाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात एकाच निष्कर्षाबाबत दोन शास्त्रज्ञांनी आपापली भूमिका बदलली. मात्र दोघांची कारणे अगदी वेगळी होती.

सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांवरून त्याच्या वातावरणात कोणती मूलद्रव्ये आहेत हे कळते. तेथे लोह, कॅल्शियम, सोडियम यांच्या रेषा ठळक दिसतात. त्यामुळे सूर्याची आणि पृथ्वीच्या कवचाची घडण साधारण सारखीच असावी, असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जाई. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे विख्यात खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल हेही याच मताचे होते.

१९२० मध्ये भारतीय शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी अणूंचे आयनीभवन तापमान व दाब यांवर कसे अवलंबून असते, याचे समीकरण मांडले. रेषा ठळक म्हणून मूलद्रव्य विपुल, हा सरळ हिशेब त्यामुळे टिकेना. हायड्रोजनचेच पाहा. त्याच्या दृश्य प्रकाशातील रेषा केवळ उत्तेजित अणूंमुळे उमटतात आणि सूर्यपृष्ठाच्या तापमानाला कोट्यवधी अणूंपैकी एखादाच तशा अवस्थेत असतो. तरीही त्या रेषा स्पष्ट दिसतात, याचा अर्थ तेथे हायड्रोजन प्रचंड प्रमाणात असला पाहिजे.

साहांचे समीकरण वापरून हा हिशेब केला तो सेसिलिया पेन या पंचविशीतल्या संशोधिकेने. इंग्लंडहून ती हार्वर्ड वेधशाळेत आली होती. ताऱ्यांच्या वातावरणात हायड्रोजनचे अणू धातूंच्या अणूंच्या सुमारे १० लाखपट आहेत, असे उत्तर तिला मिळाले. प्रबंधाचा मसुदा रसेल यांच्याकडे गेला. असे असणे शक्यच नाही, असे त्यांनी कळवले. १९२५ च्या प्रबंधात पेनने आपले आकडे कायम ठेवले, पण हायड्रोजनचे हे प्रमाण बहुधा खरे नसावे, अशी पुस्तीही जोडली. या मधल्या काळात नवे निरीक्षण झाले नव्हते, की गणितात चूक सापडली नव्हती. पुढे आलेला होता तो फक्त एका ज्येष्ठाचा अभिप्राय.

रसेल मात्र प्रश्न सोडून बसले नाहीत. वर्णपटरेषांच्या तीव्रतेवरून त्यांनी वेगळ्या रीतीने सूर्यातील मूलद्रव्यांची प्रमाणे काढली आणि तेही हायड्रोजनपाशीच पोचले. १९२९ मध्ये त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि तो पेनच्या निष्कर्षाशी जुळतो, हेही नमूद केले. सूर्याच्या बाह्य थरांत वस्तुमानाने सुमारे ७३ टक्के हायड्रोजन आहे, असे आज आपण जाणतो.

रसेल यांनी पुराव्यापुढे मान तुकवली, पेनने अधिकारापुढे. मनाचा खुलेपणा पहिल्यात आहे. दुसऱ्या गोष्टीला विनय म्हणता येईल, पण तिने ज्ञानात भर पडत नाही. उत्तरायुष्यात पेनने हा दोष स्वतःकडेच घेतला. आपल्या माहितीची खात्री असेल तर आपली बाजू लढवा, असा तरुणांना तिचा सल्ला होता.

आमच्या मते शाळेच्या प्रयोगशाळेत हा इतिहास रोज घडत असतो. लंबकाच्या प्रयोगात एखाद्या मुलीचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही. सरांच्या कपाळावरची आठी पाहून ती खोडरबर उचलते आणि प्रयोगवही 'बरोबर' होते. अशा वेळी आपण तिला थांबवावे. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलीस का? आंदोलने किती मोजलीस? वाचन पुन्हा घेतलेस का? असे विचारावे. चूक सापडली तर ती स्वतःच आकडा बदलेल. न सापडली तर तो आकडा वहीत तसाच राहू द्यावा आणि त्याखाली आपण सही करावी.